मीटिंगमध्ये ज्यांना बोलता आलं नाही

रविवार, रात्री

रहिवाशांची मीटिंग आत्ता संपली, खूपच उशीर झालाय पण डोक्यात सगळं फिरतंय तर लिहूनच काढते. विषय नेहमीचेच होते, पार्किंग, रात्रीचा आवाज, गच्चीवरची टाकी, डास आणि गेटचा रंग. सगळ्यात जास्त वेळ गेटच्या रंगाला गेला. टाकीला तडे गेलेत, ती दुरुस्त करायची का नवीन बसवायची हा खरंतर सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी जोखीम, पण सेक्रेटरींनी कागद वाचला, माना हलल्या, ठराव पास.

पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये अशाच एका समितीचं उदाहरण रचून लिहिलंय. अणुभट्टीचा विषय अडीच मिनिटांत मंजूर होतो कारण तो कोणाला नीट कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा चालते कारण शेड प्रत्येकाला कळते. मला यात लोकांची चूक वाटत नाही. रंगाबद्दल बोलताना आपलं अज्ञान उघडं पडायची भीती नसते, टाकीबद्दल प्रश्न विचारायचा तर आधी माहिती पाहिजे, आणि ती माहिती मीटिंगच्या आधी कोणी घरोघरी पोचवलेली नव्हती. कागद दोन दिवस आधी मिळाला असता तर चार जणांनी तरी विचारलं असतं की नवीन टाकी किती वर्षं टिकेल, काम चालू असताना पाण्याची सोय काय.

पार्किंगवर मात्र भांडणच झालं. एकाच घरच्या तीन-तीन गाड्या आणि दुसऱ्याची एक गाडी बाहेर रस्त्यावर, हे कधीपासून धुमसत होतंच. मला तेव्हा एलिनॉर ऑस्ट्रॉम आठवल्या, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई. सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी, म्हणजे कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा, लोक आपसात कसे सांभाळतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल नावाच्या डोंगरी गावाबद्दल त्यांनी लिहिलंय की तिथे १५१७ सालचा नियम आहे, ज्याला हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतात तेवढ्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. किती साधं आहे ना! घरटी एक गाडी आत, बाकीच्यांची सोय ज्याने त्याने बघायची, आणि जागा उरली तर दरवर्षी आळीपाळीने द्यायची, असं मी म्हणाले, दोघातिघांना पटलं, पण ज्यांच्या तीन गाड्या ते उठून उभे राहिले आणि विषय पुढे ढकलला गेला. ढकलला गेला म्हणजे आहे तेच चालू राहणार, आणि आहे ते ज्यांच्या सोयीचं त्यांना घाई नसते, हे कोणीतरी तिथेच बोलायला हवं होतं म्हणून मी बोलले.

ऑस्ट्रॉम यांचं अजून एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नियम ज्यांना पाळायचाय त्यांना तो बदलायच्या चर्चेत जागा पाहिजे, आणि मोडणाऱ्याला शिक्षा आधी हलकी, पुन्हा मोडला तर वाढत जाणारी. आपल्याकडे उलटंच. भाडेकरूंना मत नाही हे एकवेळ समजू शकते, पण बोलायलाही नाही? आवाजाच्या विषयावर आज जे बोलले ते सगळे आपापल्या घराचे मालक होते. वरच्या मजल्यावरच्या भाड्याने राहणाऱ्या ताई हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात, त्यांच्यासाठी दुपारचं ड्रिलिंग म्हणजे आपल्या डोक्यापाशी मध्यरात्री ड्रिलिंग. त्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकदा हात वर केला, 'मालकांना पाठवा' असं ऐकलं आणि हात खाली घेतला. मला तेव्हा इतका राग आला! पण तोवर चर्चा रात्री दहानंतरच्या स्पीकरवर गेली होती, मुलांनी खेळायचं कुठे आणि म्हाताऱ्यांनी झोपायचं कधी, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची मर्यादा सरासरी ४० डेसिबल सुचवली होती, ती खूपच कमी आहे, नुसत्या हळू आवाजातल्या गप्पाही त्याच्या वर जाऊ शकतात, त्यामुळे आकडा धरून भांडण्यात अर्थ नाही, कोणाची झोप कधी मोडते ते विचारून वेळा ठरवणं जास्त बरं.

डासांचा विषय पटकन संपला, तो असा संपायला नको होता. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि तो जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. म्हणजे आपल्याला चावणारा बहुतेक आपल्याच आवारातला. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने कुंड्यांखालच्या बशा, बादल्या, कूलरचं पाणी रिकामं करून घासून कोरडं केलं (अंडी कडेला चिकटून राहतात म्हणून घासायचं) तर चक्र तुटतं, पण एका घराने केलं नाही तर सगळ्यांना भोगावं लागतं. फवारणीचा ठराव झाला आणि हे राहूनच गेलं.

पुढच्या मीटिंगचे विषय बुधवारपर्यंत द्यायचेत. मी तीन लिहून देतेय. टाकीचा ठराव पुन्हा घ्या पण कोटेशन आणि अंदाजपत्रक दोन दिवस आधी सगळ्यांना द्या, पार्किंगच्या विषयाला निर्णयाची तारीख ठरवा, आणि भाडेकरूंना मत नसलं तरी बोलायची परवानगी सुरुवातीलाच इतिवृत्तात नोंदवा. ताईंना उद्या ड्युटीला निघायच्या आधी गाठते, स्वतः येऊन बोलणार असतील तर सही घेऊन त्यांचंही नाव यादीत टाकायचं आहे.