फाल्गुनातलं भिगवण: कोण अजून आहे, कोण गेलं

भिगवणला लोक डिसेंबर-जानेवारीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात आणि फेब्रुवारी सरला की दुर्बीण कपाटात जाते. पण उजनी धरणाच्या काठावर सगळ्यात जास्त घडामोडी त्यानंतरच असतात. हिवाळी पाहुणे पिसारा बदलत परतीला लागलेले, इथले पक्षी विणीच्या गडबडीत आणि पळस ऐन बहरात. म्हणून आम्ही मुद्दाम मार्चच्या सुरुवातीला गेलो. पक्षी कधी आले याच्या नोंदी भरपूर सापडतात. ते शेवटचे कधी दिसले याच्या मात्र फार थोड्या, कारण बघताना हा शेवटचा आहे हे कोणालाच कळत नसतं. ती उणीव फाल्गुनातल्या फेऱ्याच भरून काढू शकतात.

निघण्याआधी धरणाचा पाणीसाठा बघा. रोहितला लागतो उथळ चिखल, आणि तो शेतीसाठी पाणी सोडल्यावर पातळी उतरली की उघडा पडतो. पाऊस जोरात झालेल्या वर्षी जानेवारीतही काठ बुडालेला असतो, मग रोहित उशिरा जमतात किंवा विखुरलेले राहतात. अशा वर्षी मार्च हाच खरा महिना. उजनीचा आकडा वर्तमानपत्रात रोज येतो. नुसती टक्केवारी न बघता ती किती वेगाने उतरते आहे ते बघा.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. उजाडताना कुंभारगावच्या काठावर असायला हवं, कारण दहानंतर चिखल तापतो, हवा थरथरू लागते आणि लांबचा प्रत्येक पाणपक्षी नुसता हलता ठिपका होतो. महागड्या लेन्सनेही त्यावर इलाज होत नाही. होडीत ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण बरी. दहापट दुर्बिणीत होडीचा प्रत्येक हेलकावा दिसतो. स्पॉटिंग स्कोप होडीत निरुपयोगी आहे, तो तिवईवर काठावरच लावा.

होडीवाले दादा बहुतेक मासेमारी करणारे आणि पाण्याची खोली पावलापावलाने ओळखणारे. निघतानाच त्यांना सांगावं: "दादा, पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच इंजिन बंद करा." अनेक पर्यटक थवा उडवायचा आग्रह धरतात म्हणून हे आधीच बोललेलं बरं. रोहित किती जवळ येऊ देतात हे ते स्वतःच सांगतात. चोच पाण्यात उलटी घालून चरत असतील तर सगळं ठीक. माना एकदम उभ्या झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले की थांबायचं. त्यापुढे गेलात तर ते पाण्यावर धावत उडतात. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती अशी खर्च होते, आणि दिवसातून तीन-चार होड्यांनी हेच केलं तर थवा ती जागाच सोडतो. इथे बहुतेक मोठे रोहित असतात: गुलाबी चोच, फक्त टोक काळं. चोच गडद किरमिजी दिसली तर तो लहान रोहित. त्याचा फोटो आवर्जून काढा.

आता पिसाऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मार्चची खरी मजा यातच आहे. हिवाळ्यात कुरव (गल) ओळखताना सगळेच चाचपडतात, सगळ्यांच्या कानामागे सारखाच काळा डाग. मार्चमध्ये डोकी रंगायला लागतात. अर्धवट रंगलेलं डोकं फसवतं, म्हणून डोळा बघा: तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्या कुरवाचा गडद. उडताना पहिल्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसतात. पिवळ्या धोब्याचंही तसंच. जानेवारीत त्याची उपजात सांगणं जवळजवळ अशक्य. आता नराचं डोकं करडं, काळं किंवा फिकट करड्यावर पांढरी भुवई असं स्पष्ट होऊ लागतं. चिखलाच्या कडेला गुरं चरत असतील तिथे हे धोबी हमखास. नुसतं 'पिवळा धोबी' लिहून सोडू नका, डोक्याचा रंग टिपून ठेवा.

मोजणीचा गोंधळ बदकांच्या दाट थव्यात होतो. दहा पक्षी नीट मोजून ते नजरेत केवढी जागा व्यापतात ते ठरवा, तेवढ्याच मापाने शंभराचा ठोकळा, मग ठोकळे मोजा. नवखा माणूस जवळजवळ नेहमीच कमी मोजतो, कारण मागच्या रांगा पुढच्यांच्या आड जातात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक एकत्र असतील तर आधी एकूण आकडा, मग थव्याच्या दोन-तीन जागी पन्नास-पन्नास पक्षी बघून कोणाचा वाटा किती ते काढा. पट्टकदंबांसाठी (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) पाण्यावर अवलंबून राहू नका. ते काठच्या शेतातही चरतात आणि मार्च सरत आला की एखाद्या आठवड्यात सगळेच नाहीसे होतात. तीच तारीख हवी असते.

होडीतून उतरल्यावर पळस. बांधावरच्या एका झाडाखाली अर्धा तास बसलं तरी पुरतं. भोरड्यांचे (गुलाबी मैना) थवे फुलांवर तुटून पडतात आणि झाड सोडून थेट शाळूच्या शेतात उतरतात, म्हणून माचाणावरून गोफण फिरते. गुलाबी-काळे प्रौढ आणि मळकट तपकिरी पिल्लं वेगळी मोजा. एका गोष्टीची काळजी घ्या: फुलात डोकं घालणाऱ्या पक्ष्याच्या कपाळावर पराग चिकटून पिवळा पट्टा दिसतो आणि तो पिसांचा रंग समजून भलतीच जात नोंदवली जाते. पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, कडा विस्कटलेल्या असतील, तर तो परागच. सूर्यपक्ष्याचे काही नरही या दिवसांत अर्धवट रंगलेले असतात, पिवळट पोटावर निळ्या-काळ्या ठिगळांसारखे. आवाज ओळखणाऱ्या ॲपवर इथे डोळे झाकून विसंबू नका. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप खुशाल 'शिक्रा' लिहितं.

ऊन उतरल्यावर कडबनवाडीचं माळरान. इथे वनखात्याची परवानगी घेऊन ठरलेल्या गाडीवाटेनेच फिरायचं. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांचे दिवस आता सुरू होतात, आणि मातीच्या रंगाची अंडी चाकाखाली गेलेली चालवणाऱ्याला कळतही नाहीत. डोंबारी चंडोलाचा नर हवेत चढून सरळ खाली सूर मारतो, पुन्हा चढतो. त्यावरून त्याचा इलाका कळतो, पण घरटं शोधायला गवतात शिरू नका. संध्याकाळी भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) रात्रीच्या मुक्कामाला गवतात उतरतात. गाडीतूनच मोजा, खाली उतरलात तर ते जागा बदलतात.

नोंदी करताना होडी, काठ आणि माळ यांच्या याद्या वेगळ्या ठेवा, वेळ आणि अंतरासकट. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर आकड्याऐवजी फुली टाकू नका. अंदाजी का होईना, संख्या लिहा. दिसलेले सगळे पक्षी नोंदवले असतील तर 'पूर्ण यादी' म्हणून सांगा, कारण पट्टकदंब नव्हते ही माहिती फक्त पूर्ण यादीतूनच मिळते. जमलं तर पंधरा दिवसांनी त्याच वाटेने, त्याच वेळी पुन्हा जा. पाहुणे जातात तो क्रम असा: आधी पट्टकदंब, मग बदकं, एप्रिलमध्ये भोरड्या आणि पिवळे धोबी.