सामान भरूनच या

व्हॅनमालक सुतारकाम करणारे गृहस्थ. गाडीतून उतरतानाच म्हणाले, "मिस्त्री, डावीकडे वळताना पुढून कटकट येते. आधीच्या गॅरेजमध्ये डावा जॉइंट बदलून झाला, तरी आवाज जिथल्या तिथं. आता म्हणतात, चाकाचं बेअरिंग गेलंय. एकदा तुम्ही बघा, मग काय ते ठरवू."

पुढच्या चाकांना ओढ असलेली व्हॅन. अशा गाडीत गिअरबॉक्समधून दोन एक्सल निघतात आणि प्रत्येक एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक सीव्ही, म्हणजे एकसारख्या वेगाचा, जॉइंट असतो. आतला जॉइंट चाक वरखाली झालं की आतबाहेर सरकतो. बाहेरच्याचं काम जास्त अवघड. चाक पूर्ण वळलेलं असताना, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोनातसुद्धा, त्याला इंजिनाची ताकद एकसारख्या वेगानं चाकाकडे पोचवायची असते. साधा क्रॉसचा जॉइंट त्या कोनात एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो आणि स्टिअरिंगला झटके बसतात. सहा गोळ्या आणि खाचांचा हा बाहेरचा जॉइंट आल्फ्रेड रझेपा या अभियंत्यानं 1926 च्या सुमारास काढला. 1959 च्या मिनी या ब्रिटिश गाडीनंतर तो छोट्या गाड्यांत सर्रास दिसू लागला. आज माझ्याकडे येणाऱ्या पुढच्या ओढीच्या बहुतेक गाड्यांत बाहेरच्या बाजूला त्याचाच अवतार निघतो.

मी व्हॅन मोकळ्या जागेत नेली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून गोल घेतला, मग उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडे. आवाज नाहीच. गृहस्थ बाजूला बसले होते, त्यांचा चेहरा पडला. "इथं आली की गप्प बसते बघा. तिथंही असंच झालं होतं."

तिथंही असंच झालं होतं म्हणजे आवाज न ऐकता जॉइंट बदलला होता. मालक डावीकडे वळताना म्हणाले म्हणून डावा काढला, एवढाच हिशोब. गॅरेजमध्ये याच्या बरोब्बर उलटा एक नियमही फिरतो, की डावीकडे वळताना वाजलं तर उजवा जॉइंट, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. वेगातल्या वळणाला ते ठीक आहे. पण मुंगीच्या गतीनं पूर्ण वळताना भार फारसा सरकत नाही, आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळलेलं असतं. त्यामुळे दोन्ही नियम निम्म्या वेळा खरे ठरतात, आणि निम्म्या वेळा खऱ्या ठरणाऱ्या नियमावर मी नट सोडत नाही.

गाडी उचलून स्टँडवर घेतली. चाक वरून-खालून धरून हलवलं, खेळ नाही. स्प्रिंगवर बोटं ठेवून चाक हातानं फिरवलं. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते, इथे एकदम गुळगुळीत. शिवाय बेअरिंग घूं करतं, वेगाबरोबर सूर चढतो. ते कटकट करत नाही. गाडी खाली घेऊन जागच्या जागी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्प्रिंग किंवा वरचा माउंट दोषी असता तर तेव्हाच बोलला असता.

मग बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण. डावा नवा कोरा. उजवाही पहिल्या नजरेत धडधाकट. बूट फाटला की फिरत्या एक्सलवरून ग्रीस उडतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटतो. तो पट्टा नव्हता. पण उजव्या बुटाचा लहान क्लॅम्प, एक्सलवर बसतो तो, बोटानं फिरवला तर फिरला. त्याच्या कडेला तांबूस ओल होती. आत पाणी जातंय असा संशय घ्यायला तेवढं पुरेसं होतं, जॉइंट गेलाय असं म्हणायला मात्र नव्हतं.

मी विचारलं, "आवाज येतो तेव्हा गाडीत काय असतं?"

"काय असणार? प्लायवूड, हत्यारं, कधी तयार कपाटं. गच्च भरलेली असते."

"मग सामान भरूनच या."

झिजलेला जॉइंट ताकद लावल्याशिवाय बोलत नाही. रिकामी व्हॅन सपाट जागेवर हलवायला इंजिनाला काहीच जोर लागत नाही. गोळ्या खाचांत सैल पडून राहतात आणि गाडी निरोगी वाटते. रिकामी गाडी फिरवून जॉइंट तपासला, या म्हणण्याला मी तपासणी मानतच नाही.

ते खरोखरच प्लायवूडची चळत भरून आले. मी गाडी चढावर उभी केली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पहिला गिअर, आणि क्लच हळूहळू सोडला. कट्-कट्-कट्-कट्. चाकाच्या फेऱ्याबरोबर वेग घेणारी कटकट. गृहस्थ जवळजवळ ओरडलेच, "हाच! हाच तो!"

पुढे सपाटीवर तशीच वळत असताना मी क्लच दाबला. चाकं फिरतच होती, आवाज जागीच मेला. क्लच सोडला, परत सुरू. या एका गोष्टीनं निम्मी गाडी संशयातून सुटली. बेअरिंग, ब्रेक, टायरमध्ये अडकलेला खडा, हे सगळे क्लच दाबल्यानं गप्प बसत नाहीत. पुढे-मागे घेताना एकदाच ठक्क झालं असतं, तर हबचा नट किंवा इंजिनाचा माउंट पाहिला असता.

बाजू ठरायची राहिली होती. सीटवरून ऐकलं तर आवाज डावीकडूनच यायचा, माझ्या कानांनाही. पण लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो. हाताखालच्या मुलाला चाकाशेजारून चालवत ऐकायला लावणारे पाहिलेत मी. भरलेली गाडी पूर्ण वळणात असताना पुढच्या चाकाजवळ माणूस नको. माझ्याकडे चिमट्याच्या मायक्रोफोनचा संच आहे. एक चिमटा डाव्या नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, एक उजव्या नकलला लावला, वायरी चाकात अडकणार नाहीत अशा बांधल्या. गाडी गृहस्थांना चालवायला दिली आणि मी कानांना हेडफोन लावून शेजारी बसलो. डाव्या चिमट्यावर लांबून ठोकल्यासारखा आवाज. बटण उजव्यावर फिरवलं आणि हेडफोन कानावरून काढावा लागला.

उजवी बाजू खोलली. हबचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल केला. मग चाक काढून लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, नकल बाहेर ओढून एक्सल मोकळा केला. जॉइंट पितळी ठोकणीनं सर्क्लिपवरून, म्हणजे त्याला अडवून धरणाऱ्या तारेच्या कडीवरून, सुटला. आतलं ग्रीस काळं, दाट असायला हवं. निघालं ते कॉफीच्या रंगाचं, पातळ. पुसून गोळ्या एकेक बाहेर काढल्या. खाचांच्या मधोमध, नखाला लागतील असे खड्डे. गाडी बराच वेळ सरळ धावते, म्हणून झीज मध्यावर होते. सरळ चालताना गोळ्या त्या खड्ड्यांत निवांत बसतात. चाक वळलं की प्रत्येक फेऱ्यात त्यांना खड्ड्याची कड ओलांडून जावं आणि यावं लागतं, आणि ताकद लागलेली असेल तर कड ओलांडताना कट् होतं. गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याच्या खिडक्याही रुंदावल्या होत्या.

गृहस्थ खड्ड्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या लोकांनी काढलेला डावा जॉइंट मागेच पडलाय, पिशवीत."

तो उघडला. ग्रीस काळंभोर, खाचा आरशासारख्या, गोळ्या खिडक्यांत घट्ट. त्याला काहीही झालं नव्हतं.

"मग हाच बसवा की इकडं!"

मी लगेच हो म्हणालो नाही. दोन्ही जॉइंट शेजारी ठेवून आतले-बाहेरचे स्प्लाइन, म्हणजे एक्सल आणि हबमध्ये अडकणारे दाते, मोजले, एबीएसच्या रिंगचे दाते मोजले, वाटीची उंची पट्टीनं ताडली. सगळं सारखं. एक्सल दोन्हीकडचे कमीजास्त लांबीचे असले, तरी बाहेरचा जॉइंट या गाडीला दोन्हीकडे एकच होता. वर एक फायदा. डावीकडून उजवीकडे आला की जॉइंटच्या फिरण्याची दिशा उलटते, म्हणजे पुढे जाताना ताकद खाचेच्या दुसऱ्या भिंतीवर येते. ती भिंत रिव्हर्सपुरतीच वापरलेली, जवळजवळ नवी. जुना माल सुचवायला मी सहसा तयार नसतो, पण इथे नाही म्हणायला कारण सापडेना.

जॉइंट धुऊन, कोरडा करून बसवला. बूट, दोन्ही क्लॅम्प, सर्क्लिप आणि हबचा नट नवे. मॉलिब्डेनमचं ग्रीस पाकिटात होतं तेवढं सगळं भरलं, आणि क्लॅम्प आवळण्याआधी बुटातली हवा काढली. हबचा नट टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापाला आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टेकू दिलं नाही, नाहीतर चांगलं बेअरिंग खराब झालं असतं.

तीच चळत, तोच चढ, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. मग उजवीकडे. मग रिव्हर्स. हेडफोनमध्ये टायर घासल्याचा आवाज सोडला तर काही नाही.

"आणि बेअरिंग?" गृहस्थांनी निघताना विचारलं. "ते बदलायला सांगितलंय मला."

"घूं करायला लागलं की या," मी म्हणालो. "तेव्हा रिकामी आणली तरी चालेल."