चषकातला पाण्याचा थेंब

वसईत आमच्या गावच्या चर्चमध्ये मी वेदीसेवक होतो, तेव्हा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिक उपासनेत, माझे सारे लक्ष येशूजन्माच्या देखाव्याकडे, गोठ्याकडे असे. काम मात्र वेदीपाशी होते: द्राक्षारसाची आणि पाण्याची छोटी सुरई धर्मगुरूंच्या हाती देणे. चषकातल्या द्राक्षारसात ते पाण्याचा जेमतेम एक थेंब सोडत आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत.

त्या शब्दांचा अर्थ मला फार उशिरा कळला. ज्या ख्रिस्ताने नम्र होऊन आमचे मनुष्यपण स्वीकारले, त्याच्या देवत्वात या पाण्याच्या व द्राक्षारसाच्या रहस्याने आम्हांला वाटा मिळो, असे मागणे त्यांत आहे, आणि ते प्राचीन रोमन उपासनेतील नाताळच्याच प्रार्थनेवरून घेतलेले आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यात, दहाबारा माणसांच्या सकाळच्या मिस्सातही, रोज नाताळचा एक थेंब चषकात पडत असतो.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या आपल्या शुभवर्तमानात लूक सांगतो की मरियेने बाळाला गव्हाणीत निजवले. गव्हाण म्हणजे पाळणा नव्हे, ती गुरांच्या चाऱ्याची जागा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर म्हणवतो. पोप महान ग्रेगरी (590–604) यांनी नाताळच्या प्रवचनात हे दोन्ही धागे एकत्र गुंफले होते. मला ही निव्वळ शब्दांची कसरत वाटत नाही. जो देही झाला तोच अन्न होऊन हाती येतो, ही कॅथलिक श्रद्धाच त्यामागे आहे.

गोठ्याची प्रथा ज्यांच्या नावाशी जोडली जाते, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनीही 1223 च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो येथे केवळ देखावा उभारला नव्हता. गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणवून तेथेच त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण करण्यात आला, आणि उपयाजक (धर्मगुरूच्या खालचे पद) असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गायिले. आज गोठ्यापुढे छायाचित्रांसाठी रांग लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या रांगेत मीही असतो.

माझी आजी मात्र मिस्सा संपेपर्यंत गोठ्याकडे बघतही नसे. मी तिचा हात ओढू लागलो की ती दटावायची, "आधी प्रसाद घेऊ दे, मग बाळ बघू."