नावापुढचा नंबर

मी बेळगावचा. दगडावर अक्षरं कोरतो: देवळाच्या पायऱ्या, वास्तूच्या पाट्या, समाध्या. डिसेंबरात खानापूर तालुक्यातल्या एका गावी शहीद स्मारकाचं काम निघालं. अक्षरांतला सोनेरी रंग उडाला होता, तो भरायचा होता. १० तारखेला तिथं जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे माजी सैनिक जमतात. १९७१ साली त्या रात्री आजच्या बांगलादेशातल्या जमालपुरात कोंडलेली पाकिस्तानी फौज बाहेर पडू बघत होती. या पलटणीनं तिची वाट अडवली.

आदल्या दिवशी शेजारच्या गावचे सुभेदार काका आले. खिशातून घडीचा कागद काढून म्हणाले, "ह्या नावापुढं हा फौजेतला नंबर कोर."

"काका, ग्रॅनाइटवर चुकलं तर खोडता येत नाही. नाव आहेच की."

"नाव माझंबी हेच, आडनावबी हेच. एका कंपनीत आम्ही दोघं. पलटणीत शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायचे. नुसत्या नावानं तो कुणाला सापडायचा?"

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्याच नावाला हार घालत होता. मी छिन्नी उचलली. प्रत्येक आकडा तीन-तीनदा कागदाशी ताडला. इतक्या जपून मी कुठल्या देवाचं नावही कोरलेलं नाही.

सकाळी पलटणीच्या टोप्या, छातीवर पदकं, कुणाच्या हातात काठी. म्हाताऱ्या बिगुलरचा श्वास लास्ट पोस्टमध्येच, शहिदांच्या मानवंदनेच्या धूनमध्येच, तुटला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. तोवर सावधान उभं राहिलेलं कुणी हललं नाही. मग एकेक नाव पुकारलं गेलं आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'नं माळ दणाणला.

गर्दी जेवायला वळल्यावर त्या जवानाची पत्नी नातवाचा हात धरून दगडापाशी आली. नंबरावरून बोट फिरवू लागली.

"आजी, वाचता येतं?"

"अक्षर न्हाई येत. त्येंचा नंबर येतोय. मास्तर पत्र लिहून द्यायचे. एकदा नंबर चुकला, पत्र दुसऱ्याच्या हातात गेलं. तवापासनं नंबर मीच घालायची. खाली फौजेच्या टपालाचा पत्ता, ९९ एपीओ."

बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. "बरोबर हाय," ती म्हणाली. मग दगडाकडंच बघत, हळू आवाजात, "ते पत्र वाचलं असंल का वो कुणी?"

काका मागं उभे होते.

"न्हाई वहिनी. मागं तुमच्या गावाचं नाव होतं. न फोडता त्याच्या हातात दिलं मी."