खाज आणि उत्तर

सोमवार, रात्री साडेनऊ

माजघरात कापूस छताला टेकायला आलाय. घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे इकडे कोणाला सांगावं लागत नाही. आई पायांना खोबरेल चोळते, पोरं रात्रभर खाजवतात आणि सकाळी जो तो दुसऱ्यावर खेकसतो.

विपश्यनेच्या शिबिरात खाज सुटली तर लगेच हात न नेता नुसतं बघायला सांगतात. कुठं सुटली, वाढते की ओसरते. मी जाऊन आलो तेव्हा पारावर चेष्टा झाली, "दहा दिवस मुका बसून आला पोट्टा!" पण त्याचा उपयोग मला तरी ध्यानापेक्षा बोलण्यातच जास्त होतो.

आज जेवताना कापूस विकायचा विषय निघालाच. "इकाले कायची घाई हाय तुले?" बाबा म्हणाले. कानशिलं तापली, दात आवळले, हात आपोआप दंड खाजवायला गेला. हे सगळं होताना कळत होतं. "मागच्या साली थांबून काय भेटलं?" हे अगदी ओठांवर होतं. ते जरा तसंच धरून ठेवलं, तेवढ्यात बाबांच्या ताटाकडे लक्ष गेलं. भाकर तशीच. विचारलं, "बाबा, तुमाले घोर कायचा हाय?"

मग निघालं. शेवटच्या वेच्याचा माल दवात वेचलेला. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलावा धरतात, वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर माल घेतच नाहीत. बाबांना माल वाळवायला ऊन पाहिजे होतं. घरात इतके दिवस भावावरून चाललेलं भांडण भावाचं नव्हतंच.

गांधीजी सोमवारी मौन पाळत, चिठ्ठ्या लिहून उत्तरं देत. सेवाग्राम इथून जवळच, त्यामुळे हे शाळेपासून ऐकतोय. पण आमच्या घरांत गप्प बसणं म्हणजे अबोला. ताट आदळायचं आणि पोराकरवी निरोप, "तुह्या बाबाले सांग." म्हणून राग आला की गप्प राहा, हा सल्ला मला अर्धाच वाटतो. आत काय चाललंय ते बघून झालं की ते सांगावंही लागतं. मीही सांगितलं, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर आहे, म्हणून घाई.

"मंग थे पयले सांगाले काय झालतं?" बाबा म्हणाले आणि भाकर मोडली.

पहिल्या वेच्याचा कोरडा माल बुधवारी जाईल, मागचा उद्यापासून ताडपत्रीवर. टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं, हे धाकट्याशी बोलायचं राहिलंय. तो माझ्याहून तापट, आणि त्यानं शिबिर वगैरे काही केलेलं नाही.