पडसं झालंय काय रे ह्याला?

रविवार, रात्री साडेअकरा

आज कटिंगला गेलो होतो. सलूनमधल्या पोरानं गळ्याभोवती कापड बांधलं, मान खाली दाबली आणि मोबाइलवर गाणी लावली. तिसरं की चौथं गाणं लकी अलीचं, ‘ओ सनम’. मी डोळे मिटून घेतले. पहिलं कडवं झालं, गिटारचा तुकडा आला, आणि तो संपता संपता मी चक्क मोठ्यानं म्हणालो, “पडसं झालंय काय रे ह्याला?”

पोराची कात्री थांबली. “एसी कमी करू का काका?”

त्याला काय सांगणार? “कर थोडा,” म्हणालो.

हे वाक्य माझं नाही, आजीचं आहे. आणि माझ्यापुरतं ते त्या गाण्यातच आहे, गिटारइतकंच.

1996 साल. ‘सुनो’ हा लकी अलीचा पहिलाच अल्बम तेव्हा नुकता आला होता. मिरजेत आमच्या घरी केबल येऊन वर्ष झालं असेल. इजिप्तमधल्या पिरॅमिडांपाशी चित्रित केलेला तो व्हिडिओ दिवसातून एकदा तरी लागायचा, पण कधी लागेल याचा नेम नाही. कॅसेट विकत घ्यायला पैसे मागायची सोय नव्हती, कारण त्याच महिन्यात दादाचा क्लास आणि माझा चष्मा झाला होता. मग दादानं उपाय काढला. टीव्हीच्या स्पीकरसमोर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, ठेवायचा, प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायची, पॉजवर बोट ठेवून बसायचं. टू-इन-वनला आतलाच माइक, त्यामुळे खोलीतलं सगळं त्यात शिरणार. पंखा बंद, खिडकी बंद, आईला कुकर लावायला बंदी. कोरी कॅसेटही नव्हती. बाबांची एक कीर्तनाची कॅसेट होती, तिच्या मागच्या दोन खाचा पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून तोडलेल्या. त्यावर सेलोटेप चिकटवली की काम होतं, हे दादाला शाळेत कुणीतरी शिकवलं होतं. (बाबांना हे पुढे बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा जे झालं ते इथे लिहीत नाही.)

दोन दिवस घाम गाळत बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं लागलं. दादानं पॉज सोडला. पहिलं कडवं सुरळीत. दाराशी आजी केव्हा येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नाही. गिटार संपता संपता तिनं शांतपणे विचारलं, “पडसं झालंय काय रे ह्याला?” त्यावर एक जोरदार “शूऽऽ”. मग गाणं पुढे.

परत रेकॉर्ड करायचं ठरलं होतं, पण राहिलंच. तीच कॅसेट आम्ही दोन-तीन वर्षं वाजवली. गाणं संपलं की खाट्कन कीर्तनकारबुवा अर्ध्या वाक्यात सुरू व्हायचे, आणि मागे टाळ. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, हेडला कापसानं स्पिरिट लावायचं. टू-इन-वनचा बेल्ट ढिला पडत गेला तसा लकी अली जड होत गेला, आजीचा आवाजही घोगरा झाला. शेवटी शेवटी तर पडसं तिलाच झाल्यासारखं वाटायचं.

आजीचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, हे मला उशिरा उमगलं. ती मिरजेतच जन्मली, वाढली. सतार-तंबोरे जिथे घडतात त्या गल्लीला लागून माहेर. भोपळ्याला तार चढवून कारागीर सूर जुळवत बसायचे ते ऐकत मोठी झालेली. गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यांना समोर बसून ऐकलं असं ती कधी म्हणाली नाही, पण तबकडी ऐकली होती, आणि मीरासाहेब दर्ग्यात उरसाला त्यांच्या स्मरणार्थ गाणं असतं तिथे चिंचेच्या झाडाखाली बसायला ती गुडघे दुखेपर्यंत जात होती. 

त्यामुळे एकदा मी चिडवायला म्हणून विचारलं, “आजी, खाँसाहेबांचा आवाज तरी कुठे भरदार होता? बारीकच की.”

“बारीक होता. नाकातही जायचा,” ती म्हणाली. “पण पडशाचा नव्हता.”

मग लकी अली मेहमूदचा मुलगा हे तिला सांगितलं. तिला ते अजिबात पटेना. “बाप हसवून मुरकुंडी वळवायचा, आणि ह्याला काय झालंय?” पण त्या दिवसापासून ती जरा लक्ष देऊन ऐकायला लागली असावी. एका दुपारी गहू निवडता निवडता म्हणाली, “तुमचं ते पडशाचं लाव रे.” लावलं. आपलं वाक्य आलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. संपल्यावर निवाडा दिला, “ओरडत नाही पोरगा. सूर धरून बसतो.” आजीकडून एवढं म्हणजे खूप. घरात त्या गाण्याचं नाव मग तेच पडलं.

आजी 2003 मध्ये गेली.

पुढे सीडी आली, एमपीथ्री आलं, आता फोनवर हवं तेव्हा वाजतं. पण ते स्वच्छ गाणं मला जमत नाही. गिटारच्या तुकड्यानंतर पायरी चुकल्यासारखं होतं. शिवाय ते माझ्या कानातल्यापेक्षा चढ्या सुरात आणि घाईत वाटतं, आणि शेवटी बुवा येत नाहीत. एकदाच ते मला ओळखीचं वाटलं. डिसेंबर 2020 मध्ये अभिनेत्री नफीसा अलींनी हरमलचा एक व्हिडिओ टाकला होता. गोव्यातली बाग, मोजकी माणसं, हातात गिटार घेतलेला बासष्ट वर्षांचा लकी अली. आवाज अजून थकलेला, अजून नाकातला. तेव्हा घरात बसून सगळेच वैतागलेलो होतो. मी तो रात्री तीनदा ऐकला. स्टुडिओतली सफाई त्यात नव्हती, आजूबाजूचं जग आत येत होतं. म्हटलं, आता इथे कुणीतरी बोलेल.

मूळ कॅसेट? ती नाही. आजी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात काकांकडे बेडगला हुरडा खायला गेलो होतो. शाळू कणसात आला होता आणि रानावर या बांधापासून त्या बांधापर्यंत तपकिरी फिती ताणलेल्या, पाखरं बसू नयेत म्हणून. वारा आला की त्या उन्हात चमकायच्या आणि गुंईऽ असा आवाज करायच्या. साठ मिनिटांच्या कॅसेटमधून सुमारे 90 मीटर फीत निघते, चांगल्या कामाला येते. काका खुशीत म्हणाले, “माळ्यावरचं तुमचं खोकं आणलं होतं ना, सगळ्या लावल्या. यंदा पाखरू टेकलं नाही बघ.” मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं आणि हुरडा खात राहिलो. काय बोलणार?

आज सलूनमधून आल्यावर दादाला फोन केला, झालेली फजिती सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, “पण ‘शू’ तू केलं होतंस.”

मी म्हटलं, छे, तूच. पॉजवर तुझं बोट होतं, चिडलेला तू होतास.

“माझं बोट होतं म्हणूनच मी गप्प होतो. आवाज तुझा आहे त्यात. बारीक.”

वीस मिनिटं भांडलो. वहिनीनं शेवटी फोन काढून घेतला.