पिल्लांवरची मरळ

रविवार, रात्री

मृग कोरडा गेला होता, ते सगळं आर्द्रानं भरून काढलं. गगनबावड्याकडं नुसता पाऊस कोसळतोय. कुंभीला गढूळ पाणी आलं, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आधीच काढलेले, त्यामुळं नदी मोकळी वाहतेय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं. पाणी तिथवर पोचायच्या कितीतरी आधी एक गोष्ट सुरू झालेली असते, तिची मात्र बातमी होत नाही. ती म्हणजे चढण.

आज गावाकडं जाऊन आलो. आमच्या शेताकडंचा ओढा भातखाचरांपर्यंत भरलाय. नवं पाणी आलं की मासे नदी सोडून ओढ्यानं उलटे वर चढतात, उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात अंडी घालतात. पाण्याची ओढ, गढूळपणा, तापमानातला उतार, हे सगळं जुळून आलं की मादी अंडी सोडते. कार्प जातीची, म्हणजे रोहू-कटल्यासारख्या माशाची, मादी असेल तर किलोमागं लाखांच्या घरात अंडी निघतात. त्यातली बहुतेक जातात, थोडी जगतात, आणि ती थोडीच नदीला पुरतात. आई-बाप काही मागं थांबत नाहीत. अंडी घातली की त्यांचं काम संपलं, पाणी उतरायच्या आत ते नदीला लागतात.

म्हणून चढणीचे मासे धरणाऱ्या प्रत्येकाला मी पापी ठरवणार नाही. पहिल्या पुराचं कालवण आणि गरम भाकरी, आणि तव्यावर परतलेली गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ज्याच्या घरात एरवी मटण परवडत नाही त्याला ओढ्यानं दिलेलं हे जेवण आहे. माझी तक्रार आहे ती ओढ्याला या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणी बांधून ठेवणाऱ्यांबद्दल. तिच्यातून बोटाएवढा जीवही सुटत नाही. आज पुलाखाली तशी एक बांधलेली दिसली. वर चढणारे सगळे तिथंच अडकलेले, पोटं फुगलेली, एकही मादी अजून मोकळी झालेली नव्हती. निम्मा ओढा मोकळा ठेवला असता तरी धरणाऱ्याचं भागलं असतं आणि वर जाणारे वरही गेले असते. रात्री इन्व्हर्टरचा करंट सोडणारे आणि पाण्यात पावडर टाकणारे, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. पाण्यात विष आणि स्फोटकं वापरायला कायद्यानंच मनाई आहे.

मंगळवार

भाच्याशी आज बराच वेळ बोलणं झालं. म्हणजे वादच.

त्याला गळाचा नाद माझ्यामुळंच लागला. हल्ली त्याच्याकडं चांगली रीळकाठी आहे, रबरी बेडूक आहेत, आणि तो मरळ माशाच्या मागं असतो. मरळ धरायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे पिल्लांचा गोळा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काठाजवळ, गवताच्या कडेला, पाण्यात हातभर रुंदीचा तांबूस-केशरी ढग हलताना दिसतो. निरखून बघितलं तर ती शेकडो पिल्लं असतात, एकेक जेमतेम नखाएवढं. मरळीला वरच्या हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून पिल्लं सारखी पृष्ठभागाला येतात आणि तेवढ्याच जागेवर बारीक पाऊस पडल्यासारखं पाणी तडतडतं. त्या ढगाच्या बरोबर खाली, अंधारात, आई-बाप असतात. आधी ते गवत बाजूला सारून जागा करतात, अंडी वर तरंगतात त्यांच्यावर पहारा देतात, आणि पिल्लं झाली की काही आठवडे त्यांच्या खालून फिरत राहतात. बेडूक असो, साप असो, दुसरा मासा असो, जो जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात.

गळवाल्यांना नेमकं हेच माहीत आहे. रबरी बेडूक त्या ढगातून ओढत न्यायचा. मरळ त्याला हाणते ती भुकेनं नव्हे. तिच्या पिल्लांत कुणीतरी शिरलंय म्हणून हाणते.

मी भाच्याला म्हटलं, पिल्लांवरची मरळ धरू नकोस. तो म्हणाला, "मामा, मी मारत न्हाई की. फोटो काढतो आन् परत सोडतो पाण्यात."

त्याचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच त्याला नीट समजवावंसं वाटलं. अमेरिकेत आणि कॅनडात बास नावाचा मासा आहे, तिकडच्या गळवाल्यांचा सगळ्यात लाडका. त्याची रीतही मरळीसारखीच, फक्त तिथं पहारा नर देतो. वसंतात पाणी जरा कोमट झालं की, म्हणजे साधारण 16 ते 18 अंशांवर, नर शेपटीनं तळ झाडून थाळीएवढी जागा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा राखण करतो. त्या दिवसांत तो फारसं खातही नाही. तिकडच्या संशोधकांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला, की नराला धरून सोडला तर काय होतं? तर तो पाण्याबाहेर असताना आसपासचे छोटे मासे काही मिनिटांत घरट्यावर पडतात आणि अंडी, पिल्लं फस्त करतात. दमलेला नर परत आला तरी पुष्कळदा घरटं सोडून देतो. म्हणून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बऱ्याच ठिकाणी बासचा हंगामच उन्हाळा लागेपर्यंत बंद ठेवतात. सगळीकडं तसा नियम नाही, आणि त्यावर तिथंही आपल्यासारखेच वाद झडतात.

आपल्या तळ्यांत तर चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, भरलीय. मरळ वर हिसकली, हातात धरली, गळ काढला, दोन फोटो झाले, तेवढ्यात खाली त्या उघड्या पडलेल्या गोळ्याचं काय होत असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

चढणीचा कार्प आणि पिल्लांवरची मरळ यांत मला फरक दिसतो तो इथं. अंडी घालून परतणारा मासा धरला तर एक मासा गेला, त्याची अंडी गवतात राहिली. राखणीची मरळ उचलली की तिच्या मागं अख्खी वीण जाते. मरळीची अंडी लाखांत नसतात, हजारांत असतात. तिनं संख्येऐवजी राखणीवर भिस्त ठेवलीय, आणि आपण घाव घालतो तो नेमका त्या राखणीवर.

तो गप्प झाला. पटलं का, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार

आखाडाची जेवणं सुरू होतील आता. गल्लीत एका दादांशी बोलताना त्यांनी मुद्दा काढला, की आपल्या जुन्या माणसांनी श्रावण पाळायला लावला तो ह्याचसाठी, माशांना वीण करता यावी म्हणून. ऐकायला बरं वाटतं, आणि समुद्रापुरतं ते बरंचसं जुळतंही. किनाऱ्यावर कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या काढतात, आणि यांत्रिक नौकांना 1 जूनपासून सरकारी बंदी असते. पण नदीचं वेळापत्रक वेगळं आहे. आमच्याकडं चढण ज्येष्ठ-आषाढात लागते, म्हणजे आपण ताव मारायला बसतो त्याच दिवसांत. श्रावण लागेस्तोवर पहिली वीण होऊन गेलेली असते. तेव्हा नदीसाठी नुसत्या श्रावणावर विसंबून भागणार नाही.

दादांचा दुसरा प्रश्न जास्त खरा होता. "आम्ही न्हाई धरला तर दुसरा धरणार. मग आम्हीच का सोडायचा?" त्यांना म्हटलं, ओढ्यावर शेत कुणाकुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, जाळी कोण बांधतं तेही माहीत आहे. पाच-सहा घरांनी ठरवलं, की आडवी जाळी आमच्या बांधावर बांधू देणार नाही, तर त्या ओढ्यापुरता प्रश्न सुटतो. ऊसतोडीच्या पाळ्या आपण बोलून ठरवतो, पाटाच्या पाण्याच्या ठरवतो, मग हेही ठरवता येईल. ते "बघू" म्हणाले. पुढच्या खेपेला गावी गेलो की त्या घरांत स्वतः जाऊन बोलणार आहे.

रात्री भाच्याचा फोन आला. विचारत होता, मग मरळ धरायची कधी? सांगितलं, पिल्लं पांगल्यावर. ते ओळखायचं कसं? सुरुवातीचा तांबडा रंग उतरत जातो, पिल्लं हिरवट-तपकिरी होतात, पाण्यावरची तडतड थांबते, गोळा फुटून जो तो आपापल्या वाटेनं जातो. त्यानंतर आई-बापही मोकळे होतात.

आणि तोवर काय करायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न. तोवर ठेक्याचं तळं आहे की! रोहू, कटला, मृगळ तळ्याच्या उभ्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज हॅचरीत तयार होतं आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून तळ्यात सोडतात. त्या तळ्यातला रोहू ऐन पावसाळ्यात धरला तरी कुणाची वीण मोडत नाही. ठेकेदाराला विचारून, त्याचे पैसे देऊन धरायचा. रविवारी सकाळी जायचं ठरलंय. गांडुळं मी काढतो म्हटलं, कणकेचा गोळा त्यानं आणायचा.